फळ्यावरचे नवरे

आमच्या गावच्या मराठी शाळेचा फळा सध्या मारोतीच्या देवळात आहे. भिंतीला टेकवून उभा केलाय, शनिवारी त्याला हार पडतो, आणि उदबत्तीच्या धुरानं त्याची डावी कड पिवळी व्हायला लागली आहे.

हे घडलेलं नाही. शाळेच्या दप्तरी फळा शाळेतच आहे, 'सुस्थितीत' असा शेरा आहे, आणि त्या शेऱ्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. तेव्हा देवळात जे काही उभं आहे तो फळा नव्हे, आणि आपण त्याच्याबद्दल बोलत नाही आहोत. मी फक्त साक्षरता वर्गाची हकिगत सांगणार आहे. वर्ग मी काढला होता. म्हणजे काकूनं काढायला लावला.

रेणुकाकाकू आमच्या वॉर्डाची मेंबर. जागा बायकांसाठी राखीव निघाली, उत्तमकाकानं तिला उभं केलं, ती निवडून आली, आणि मिटिंगांना उत्तमकाका जाऊ लागला. ही पद्धत आमच्याकडे सर्वमान्य आहे. बायको निवडून येते, नवरा चहा पितो. सेक्रेटरी कागद घेऊन घरी येई, काकू चुलीपुढून उठून अंगठा देई आणि परत भाकरी थापायला बसे. कधीकधी भाकरीवर शाईचा डाग पडे. ग्रामपंचायतीचा आणि तिचा संबंध तेवढाच.

मग मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला मंजूर झालेलं बोअर सरपंच भगवानरावांच्या गोठ्याजवळ पडलं. काकू भांडायला गेली. सेक्रेटरी निर्मलकडचा, तेलुगू माणूस, फार अदबीचा. त्यानं ठरावाचा कागद काढला आणि तळाशी बोट ठेवलं. तिथं काकूचाच अंगठा होता.

"मेंबरअम्मा, आपनेच तो दिया," तो म्हणाला.

तेव्हापासून आमची गल्ली पाण्याला गोठ्यात जाते. म्हशींचं झालं की आमचा नंबर. त्यात एक म्हैस फार सावकाश पिते.

यंदा गावाला पुन्हा एक बोअर मंजूर झाल्याची बातमी आली, त्या दिवशी काकू थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी बी.एड. आहे आणि शिक्षकभरतीची वाट पाहतो. वाट पाहणं हे कष्टाचं काम आहे, पण घरच्यांना ते दिसत नाही.

"पंकज, काय करून राह्यला?"

"अभ्यास."

"कायचा?"

"भरतीचा."

"कवा हाय भरती?"

"निघाली की कळन."

"मंग निघेस्तोवर मले वाचाले शिकव. बोअरची मिटिंग पाडव्याच्या मांगून हाय. यंदा मी कागद वाचीन, मंगच काय ते."

मंडलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तालुक्याच्या, ऑफिसात प्रौढ साक्षरतेची योजना आहे असं कळलं, म्हणून मी स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. मराठी पुस्तकं मागितली. कारकुनानं कपाट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "रेपु रा, तम्मी." रेपु म्हणजे उद्या. आमच्या सीमेवरच्या, भाषेनं मराठी पण तेलुगू राज्यात पडलेल्या गावांत मूल आधी आई म्हणतं, मग पाणी म्हणतं, मग रेपु म्हणतं. बऱ्याच रेपुंनंतर त्यानं जी होती ती पुस्तकं दिली. सगळी तेलुगू. मराठी येईस्तोवर चित्रं दाखवा, असा त्याचा सल्ला होता. मुखपृष्ठावर एक बाई पुस्तक वाचून हसत होती. काकूबरोबर शिकायला तयार झालेल्या गल्लीतल्या बायकांनी ती बराच वेळ पाहिली. "हिले एवढं काय सापडलं?" मथुरामावशीनं विचारलं.

पाट्या तर योजनेत आल्याच नाहीत. राहता राहिली शाळा. आमची शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि एक पांडुरंगराव सर. मार्चपासून शाळा अर्ध्या दिवसाची होते, दुपारी खोली रिकामी. सरांनी किल्ली दिली. "काही हरकत नाही," ते म्हणाले, "फक्त जाताना फळा पुसून ठेवत जा." इतकी साधी अट आयुष्यात कुणी मला घातली नव्हती.

बी.एड.ला आम्हाला शिकवलंय की अध्यापन विद्यार्थ्याच्या भावविश्वातून सुरू करावं. मी पहिल्या दिवशी 'क कमळ' केलंच नाही. कमळ आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. आधी प्रत्येकीला स्वतःचं नाव गिरवून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हणालो, आता नवऱ्याचं नाव सांगा.

काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"काकू, सांग न."

"तुले नाही मालूम?"

"मालूम हाय. पण तू सांग."

"मी कशी सांगीन? सकाळी तोंड धुतलं होतं न तू?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मंगळागौरीला, लग्नात, उखाण्यात गुंडाळून एकदा घेतात. एरवी 'आमच्या घरचे', 'पोराचे बाबा', आणि रागात असतील तर नुसतं 'ते'. पण शिक्षणशास्त्रात याची सोय नव्हती. मी म्हटलं, बोलू नका, नुसतं लिहा. लिहिण्याला कुणाची मनाई आहे का?

यावर बायकांची चर्चा झाली. सासवांनी, आजेसासवांनी बोलायला मनाई केली होती. लिहायला केलेली कुणालाच आठवेना, कारण लिहिता कुणालाच येत नव्हतं. कायद्यातली ही फट सर्वांना पसंत पडली. अक्षरं सांगण्यापुरती अदलाबदल ठरली. हिच्या मालकाचं नाव तिनं मला सांगायचं, तिच्या मालकाचं हिनं. मी हातावर गिरवून द्यायचो आणि एकेक बाई उठून फळ्यावर लिहायची. मथुरामावशी शाळेत दुपारचं जेवण शिजवते. तिचा नवरा जाऊन कैक वर्षं झाली. ती बसूनच होती. मग उठली, खडू घेतला, आणि तिनंही लिहिलं. फार वेळ लागला तिला. कुणी घाई केली नाही.

फळा भरला. मला इतकं समाधान झालं की मी डस्टर उचललं.

"पंकज," काकू म्हणाली, "हात खाली घे."

"पुसायचा हाय न फळा. सरांनी सांगितलं—"

"तुह्या काका हाय तिथं."

मी पाहिलं. काका होता. अवघ्या गल्लीचे काका, मामा आणि दादा खडूच्या रूपानं माझ्यासमोर उभे होते, त्यांच्या बायका माझ्या मागे उभ्या होत्या, आणि हातात डस्टर घेऊन मी सगळ्यांचं कुंकू पुसायला निघालो होतो. मी डस्टर खिडकीत ठेवलं. ते अजून तिथंच आहे.

अर्थात मार्ग सुचवले. फळा उलटा करू म्हटलं. तर म्हणे बाप्ये भिताडाकडं तोंड करून उभे राहतीन, मास्तरनं शिक्षा केल्यावाणी. मोबाइलवर फोटो काढतो, मग पुसतो, म्हटलं. काकू शांतपणे म्हणाली, "तुह्या फोटो काढून तुले चुलीत घातलं, तं चालन का?" मी इचोड्याच्या बाजारात जाऊन पाट्या शोधल्या. दुकानदार म्हणाला, पाट्या आता कोण घेतो, हे घ्या. ती जादूची पाटी होती: लिहायचं, खालची पट्टी ओढली की सगळं साफ. मी डझनभर घेतल्या. संध्याकाळच्या आत त्या परत आल्या. एका घरी नातवानं पट्टी ओढली आणि आजोबा नाहीसे झाले. त्याच वेळी खरे आजोबा ओट्यावर खोकले, ही त्यांची चूक. त्याचा ठपका माझ्यावर आला.

सकाळी पांडुरंगराव सर शाळेत आले. फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि रुमाल काढला.

"सर, तिथं माह्ये मालक हायेत," मागून मथुरामावशी म्हणाली. तिच्या हातात खिचडीचा डाव होता. तिनं तो उगारला नव्हता. नुसता धरला होता. सरांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि मुलांना लिंबाखाली बसवलं. तेव्हापासून शाळा लिंबाखाली भरते. उतरवून घ्यायला काही नसल्यामुळे मुलांची हजेरी वाढली.

आतापर्यंत भानगड बायकांत होती. मग नवरे आले. पहिला उत्तमकाका. त्यानं आपलं नाव शोधलं, सापडल्यावर काही वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. शेताचा पट्टा सोडून त्याचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, आणि तिथंही ते भावांबरोबर होतं.

"तुह्या काकूनं लिवलं?"

"हो."

"आपल्या हातानं?"

"हो, काका."

"खाली काऊन लिवलं मंग? वरतं जागा होती न."

दुसऱ्या दिवशीपासून रीघ लागली. कुणाचं नाव मोठं, कुणाचं बारीक, कुणाचं तिरकं. ज्यांची बायको वर्गात नव्हती त्यांना पानठेल्यावर लोक विचारू लागले, काय बाबा, तू फळ्यावर नाहीस? घरोघरी नवरे स्वतः चहा करून बायकांना वर्गाला पाठवू लागले. शासनाच्या कुठल्या योजनेनं हे साधलं नसतं, आणि याची नोंद कुठंही नाही. नवी नावं कडेकडेनं, जुन्या नावांच्या मधल्या फटींत बसली. जत्रेतून परतणाऱ्या जीपसारखा फळा दिसत होता.

पण काकूचं काय? मिटिंग जवळ येत होती, आणि तिला वाचता काय येत होतं, तर स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं. पुढचं शिकवायला फळ्यावर बोटभर जागा उरली नव्हती.

"जागा कायले पायजे?" काकू म्हणाली. "अक्षरं तं हायेतच की सारे. बाप्याईच्या अंगात."

आणि खरंच होती. मी छडी घेतली आणि गावातल्या नवऱ्यांवरून बाराखडी शिकवायला सुरुवात केली. अडचण एवढीच की नावं उच्चारायची नव्हती. 'ठराव' हा शब्द काकू अशी वाचायची: "लोहाराच्या घरच्याईचा पहिला, मंग शांताच्या मालकाचा तिसरा, त्याले काना, आन् शेजारच्या घरच्याईचा शेवटचा. ठराव." एका शब्दात तीन संसार. पण वाचायची. गावात ध चा एकही नवरा निघाला नाही, तेव्हा धोंडीबाला बोलावलं. धोंडीबा पन्नाशीचा, बिनलग्नाचा. फळ्यावर आपलं नाव यावं म्हणून तो कधीपासून खिडकीत उभा राहत होता.

"माह्यं कोण लिवन पण?" तो म्हणाला.

"तूच लिव," काकू म्हणाली. "तुले बायकोवाणी राहा लागते तुह्याच संगं."

तो बायकांच्या मागं बसला, शिकला, आणि त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. मग तोही स्वतःचं नाव तोंडानं घेईना. आता आपण होऊन ओळख सांगताना तो फळ्याकडे बोट दाखवतो.

यात एकच माणूस दुखावला. सरपंच भगवानराव. राहीबाई, त्यांच्या मालकीणबाई, वर्गाला आलेल्या नव्हत्या. गोठ्यातून वेळ मिळत नव्हता. आता सरपंच फळ्यावर नाही आणि धोंडीबा आहे, ही गोष्ट गावभर झाली. भगवानरावांनी राहीबाईंना पाठवलं. त्या खुर्ची घेऊन आल्या. पण फळ्यावर मोकळा म्हणावा असा एकच चौकोन होता, वरच्या कोपऱ्यातला, जिथं सर पट, हजर, गैरहजर लिहितात.

"तिथं लिवता येईन," मी म्हटलं, "पण तो चौकोन रोज पुसल्या जातो."

राहीबाई खुर्ची घेऊन परत गेल्या. भगवानरावांनी मंडलाच्या ऑफिसात दरखास्त दिली. फळ्यावर अतिक्रमण झालं, बालकांचं शिक्षण बुडालं, मौका पाहणी व्हावी.

रेपुंच्या राज्यात ही पाहणी मात्र लगेच झाली. शिक्षणाधिकारी साहेब तेलुगू होते, हिंदीत बोलत. त्यांनी मुलं लिंबाखाली पाहिली, फळा पाहिला, बायका पाहिल्या. वही उघडून एकेकीला विचारलं, "अम्मा, पति का नाम बोलो."

सगळ्या जमिनीकडं पाहू लागल्या. काही लाजल्या. साहेबांनी प्रत्येकीपुढे फुली मारली आणि शेवटी शेरा लिहिला, की शिकाऊंना नवऱ्याचं नाव माहीत नाही. मी सांगू लागलो, "साब, ये लोग लिख सकते, पढ सकते, बोल नहीं सकते." साहेबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. त्यांना ते मुकेपणाचं वाटलं असावं.

"बोर्ड साफ करो," ते सरांना म्हणाले. सर लिंबाकडे पाहू लागले. साहेबांनी स्वतः खिडकीतलं डस्टर घेतलं.

"सगळा नका पुसू साहेब," भगवानराव पुढं झाले. "इथून पुसा थोडं. ही मथुराबाई. हिचा तं मालकच नाही. तेवढी जागा झाली तरी बास."

मथुरामावशी फळ्यापुढे जाऊन उभी राहिली. या खेपेला हातात डावही नव्हता.

"एक डाव पुसलं तुमी लोकाईनं," ती म्हणाली. "तवा मले कोणी इचारलं नवतं. हे मी लिवलं हाय."

पांडुरंगराव सरांनी त्याचं हिंदी करून सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज जरा बसला. लिंबाखाली बसून त्यांना सर्दी झाली होती. साहेब डस्टर हातात धरून उभे राहिले.

"शादी को बीस-बाईस साल हुए," ते म्हणाले. "हमारी मिसेस भी एमंडी बोलती, बस. मेरा नाम कैसा लिखती, मालूम नहीं." एमंडी म्हणजे आपलं अहो. मग डस्टर खिडकीत ठेवलं आणि भगवानरावांना म्हणाले की हा फळा पुसणं आपल्या अखत्यारीत येत नाही. शाळेला त्रास नको म्हणून तो योग्य स्थळी हलवावा. दप्तरी मात्र शाळेतच दाखवावा, नाहीतर ऑडिटला अडचण. शाळेला नवा फळा? ते गाडीत बसता बसता म्हणाले. काय म्हणाले ते वाचकांनी ओळखावं.

योग्य स्थळ कुठलं, ते नाही सांगत. फळा उचलताना जो तो आपल्या नावाच्या बाजूनं धरत होता, त्यामुळे तो वाटेत फार कलला, एवढंच सांगतो.

मिटिंगही त्याच योग्य स्थळी भरली, कारण पंचायतीच्या पत्र्याखाली बसवत नाही. भगवानराव फळ्याकडे पाठ करून बसले. काकू पहिल्यांदाच मेंबरच्या जागी बसली; उत्तमकाका मागं, चहाच्या बाजूला. सगळ्या बायका आल्या होत्या. मी पुढे होतो. गुरू म्हणून माझी छाती थोडी फुगली होती, ते मी कबूल करतो.

सेक्रेटरीनं ठराव काकूपुढं ठेवला, शाईचं पॅड उघडलं. काकूनं पॅड बाजूला सारलं. काकाचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागद जवळ घेतला. काकूचं बोट पहिल्या अक्षरावर गेलं. तिथंच थांबलं. दुसऱ्यावर गेलं. परत पहिल्यावर आलं.

ठराव तेलुगूत होता.

मी बी.एड. आहे. माझ्या बसच्या पासवर तेलुगू, माझ्या रेशनकार्डावर तेलुगू, माझ्या हातात दिलेली पुस्तकं तेलुगू. आणि पंचायतीचा कागद तेलुगूत असणार, हे इतक्या दिवसांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. काकूनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी मारोतीकडे पाहिलं. त्यानं आधीच दुसरीकडे पाहिलेलं होतं.

"दे न आंगठा," मागून उत्तमकाका हळूच म्हणाला, "जेवाची येळ झाली."

"मेंबरबाई, मांगच्या टायमालेबी तेलुगूच होतं," भगवानराव म्हणाले. "तवा तं काही बोलल्या नाही."

"तवा मले काहीच येत नवतं," काकू म्हणाली. "सारे कागद सारखेच दिसत. आता येते, म्हणून सांगून राह्यली, हे मले वाचता येत नाही. आन् वाचता येत नाही त्याच्याखाली मी राहत नसते."

तिनं अंगठा मुठीत घेतला आणि मूठ पदराखाली नेली.

सेक्रेटरी अदबीनं म्हणाला की मंजुरी परत जाईल. जाऊ द्या, काकू म्हणाली, आमी म्हशीईच्या मांगं उभं राहू, सवय हाय. दुसऱ्या बाईमेंबरनंही मूठ वळली. तिचा नवराही फळ्यावर होता. कोरम मोडला, चहा उरला, ठराव तहकूब झाला.

बाहेर येऊन चपला घालताना काकूनं मला गाठलं. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती म्हणाली, "उद्यापासून तेलुगू. तेच बाप्ये घे, नुसते अक्षर बदल." उद्या म्हणजे रेपु नव्हे, खरंच उद्या. आम्ही सुरुवात केली, बरेच नवरे दोन्ही भाषांत चाललेही. पण काहीएक जागी गाडी अडली, म्हणून खालील अर्ज वर्गाच्या वतीनं पाठवला आहे, आणि सर्वांनी त्यावर सह्या केल्या आहेत.

"मा. शिक्षणाधिकारी साहेब यांचे सेवेशी. विषय : नवऱ्यांचा पुरवठा होणेबाबत. महोदय, सविनय सादर की, आमच्या गावचा साक्षरता वर्ग सर्वस्वी स्थानिक नवऱ्यांवर चालतो. मराठीपुरते नवरे पुरले. तेलुगू लिपीतील काही अक्षरांचा मात्र, विशेषतः आखूड ए चा, एकही नवरा गावात उपलब्ध नाही, व नव्याने तयार करण्यास पुढील लग्नसराई उजाडेल. तरी सदर अक्षराचा एखादा एल्लय्या, व इतर तुटीच्या अक्षरांचे योग्य ते नवरे, शक्यतो निर्व्यसनी, एका शैक्षणिक वर्षासाठी डेप्युटेशनवर मंजूर करावेत. सोबत त्यांच्या पत्नीही पाठवाव्यात, कारण परक्या बाईच्या नवऱ्याचे नाव लिहिण्यास येथील शिकाऊंची हरकत आहे. भोजनाची व्यवस्था मथुराबाई करतील. नवरे हजर होईपर्यंत नियोजित बोअर सध्या आहे त्याच ठिकाणी, म्हणजे कागदावर, राहू द्यावे, ही नम्र विनंती."